स्पोर्ट्स कारला रुंद रिम-टायर: घासू नयेत म्हणून आधी माप, मग खरेदी

नवी रुंद चाकं लावली, गाडी जॅकवरून खाली घेतली, फेंडर आणि टायरच्या मधून बोट आरामात गेलं, की काम फत्ते झालं असं बहुतेकांना वाटतं. पण उभ्या गाडीतली ती फट फारसं काही सांगत नाही. टायर घासतो तो खड्ड्यात, वेगाने घेतलेल्या वळणावर, मागच्या सीटवर दोन माणसं असताना, किंवा अरुंद जागेतून गाडी काढताना स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवलेलं असतं तेव्हा. थोडक्यात, चाक आपल्या हालचालीच्या टोकाला पोचतं तेव्हा. माप घ्यायचं तेही त्या टोकालाच, आणि रिमचे पैसे मोजण्याआधी. एवढी एक गोष्ट नीट पाळली, तर नंतर फेंडर ठोकणं, स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) काढणं-घालणं, चाकं परत विकणं असली बरीच दगदग वाचते.

आकडेमोड हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवू: २०१२ मध्ये आलेली पहिल्या पिढीची टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड. १७ इंची चाकांवर ती यायची तेव्हा रिम ७ इंच रुंद, ऑफसेट ४८ आणि टायर २१५/४५ आर१७ असायचा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्पर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, एकत्र असलेला उभा खांब), मागे डबल विशबोन (वर-खाली दोन आडवे आर्म). त्यामुळे सस्पेन्शनच्या दोन्ही जातींबद्दल बोलता येईल. आपल्याला बसवायचं आहे १७ × ८.५, ऑफसेट ४५ आणि २४५/४० आर१७. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच.

पायरी १: रिमवरचे आकडे समजून घ्या

रिमची रुंदी म्हणजे टायरची कड जिथे बसते त्या दोन बैठकांमधलं अंतर. रिमच्या बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत पट्टी लावली तर माप साधारण एक इंच जास्त भरतं, कारण दोन्ही बाजूंचे काठ प्रत्येकी सुमारे अर्धा इंच जाडीचे असतात. ८.५ इंची रिम प्रत्यक्षात ९.५ इंचांच्या आसपास जागा घेते. हा अर्धा-अर्धा इंच विसरल्यामुळे कागदावर बसणारी चाकं गाडीवर बसत नाहीत, असं वरचेवर होतं.

ऑफसेट म्हणजे रिमच्या बरोबर मध्यरेषेपासून ती हबला (चाक ज्यावर आवळलं जातं त्या फिरणाऱ्या भागाला) टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलीमीटरमध्ये. रिमवर ते ‘ईटी’ म्हणून कोरलेलं असतं. टेकणारा पृष्ठभाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत जातं, जितका लहान तितकं बाहेर येतं.

याखेरीज बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या भोकाचा व्यास. जीटी८६ ला ५ × १०० आणि ५६.१ मिमी. बोल्टांचं वर्तुळ जुळत नसेल तर ती रिम सोडून द्या, ‘चालवून घेऊ’ हा प्रकार इथे नाही. मधलं भोक मोठं असेल तर मात्र अडचण नाही. बाजारातल्या बऱ्याच रिम्सना ते ७३.१ मिमी असतं, आणि हबच्या मापाची कडी आत बसवून चाक मध्यावर आणता येतं. भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही.

पायरी २: कागदावरचा हिशोब

सूत्र सोपं आहे. हबच्या पृष्ठभागापासून आतल्या बाजूला जाणारं अंतर म्हणजे निम्मी रुंदी अधिक ऑफसेट. बाहेरच्या बाजूला येणारं अंतर म्हणजे निम्मी रुंदी वजा ऑफसेट. हा हिशोब दोनदा करायचा: एकदा रिमच्या रुंदीने, एकदा टायरच्या.

आधी टायर. मूळचा २१५: निम्मे १०७.५. आत १०७.५ + ४८ = १५५.५ मिमी, बाहेर १०७.५ − ४८ = ५९.५ मिमी. नवा २४५: निम्मे १२२.५. आत १२२.५ + ४५ = १६७.५, बाहेर १२२.५ − ४५ = ७७.५. म्हणजे टायर आत १२ मिमी आणि बाहेर १८ मिमी सरकला.

आता रिम. ७ इंच म्हणजे १७७.८ मिमी, ८.५ इंच म्हणजे २१५.९. त्याच सूत्राने रिमचा काठ आत १६ मिमी आणि बाहेर २२ मिमी सरकतो. रिम टायरपेक्षा जास्त वाढली आहे, म्हणून टायरचा पोटाचा फुगवटा पूर्वीपेक्षा कमी दिसेल आणि रिमचा काठ जवळजवळ टायरच्या बरोबरीला येईल. स्ट्रटच्या तळाजवळ आधी काय टेकणार, टायर की रिम, हे यावरून कळतं.

हेच टायर ऑफसेट ३५ च्या रिमवर घातले तर? आत फक्त २ मिमी वाढ, बाहेर थेट २८. आतल्या स्ट्रटची काळजी मिटली, पण सगळं ओझं फेंडरवर आलं. शिवाय चाकाची मध्यरेषा मूळ जागेपासून १३ मिमी बाहेर गेली. पुढच्या चाकांना हे परवडत नाही. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या ठशाचा मध्य यांतलं अंतर बदललं, की रस्त्यावरचा प्रत्येक चर हातात जाणवतो, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. स्टिअरिंग फिरवताना टायर मोठ्या कमानीत फिरतो, त्यामुळे लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) आणि बंपरच्या मागच्या कोपऱ्याला टेकण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. माझं मत स्पष्ट आहे: ऑफसेट मूळ आकड्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, रुंदी दोन्ही बाजूंना वाटून घ्या. बाहेर आलेली चाकं फोटोत छान दिसतात, पण गाडी फोटोत चालवायची नसते.

पायरी ३: टायर निवडताना

व्यास आधी पाहा. २१५/४५ आर१७ चा बाहेरचा व्यास ६२५.३ मिमी, २४५/४० आर१७ चा ६२७.८. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. स्पीडोमीटर, एबीएस, स्थिरता नियंत्रण, सगळं समाधानी. याच रुंदीत २४५/४५ घेतला असता तर व्यास ६५२.३ झाला असता, म्हणजे टायरचा माथा साडेतेरा मिमी वर आणि लायनरच्या तितकाच जवळ. रुंदी वाढवली की मालिकेचा आकडा (४५, ४० हा; टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते तो सांगतो) कमी करायचा तो यासाठी. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या व्यासांचं गुणोत्तर मूळचंच राहिलं पाहिजे, नाहीतर मधला डिफरेन्शियल विनाकारण सतत काम करत राहतो.

टायरवर छापलेली रुंदी ही एका ठरावीक रिमवर मोजलेली असते. २४५/४० आर१७ साठी ती ८.५ इंच. रिम अर्धा इंच रुंद घेतली की टायर साधारण ५ मिमी पसरतो, अरुंद घेतली की तितकाच आक्रसतो. ९ इंची रिमवर तोच टायर २५० च्या घरात जातो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे २४५ सारखे नसतात. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या टायरांत प्रत्यक्ष रुंदीचा फरक सहज काही मिलीमीटर असतो, आणि खांद्याचा आकार तर आणखीच वेगळा. पावसाळी किंवा आरामदायी टायरचा खांदा गोल उतरता असतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या चिकट टायरचा खांदा चौकोनी, विटेच्या कोपऱ्यासारखा. फेंडरला टेकतो तो हाच कोपरा. म्हणून नेमक्या मॉडेलचा माहितीतक्ता शोधा आणि त्यातली प्रत्यक्ष रुंदी तुमच्या हिशोबात घाला.

भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि वेगाचं अक्षर (किती वेगापर्यंत चालतो ते सांगणारं) मूळ टायरइतकं किंवा जास्त हवं. २१५/४५ आर१७ सहसा ८७ भारांकाचा असतो, २४५/४० आर१७ सहसा ९१, तेव्हा इथे अडचण नाही. आणि घासणं टाळण्यासाठी रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याचा मोह टाळा. २१५/४५ आर१७ साठी ७ ते ८ इंची रिम योग्य, त्यापलीकडे नाही. ताणलेल्या टायरची कड जोरदार वळणात किंवा हवा कमी झाल्यावर बैठकीतून सुटू शकते.

पायरी ४: गाडीवरचं खरं माप

हा या कामाचा गाभा, आणि घाई करणारे लोक नेमका हाच टाळतात.

आधी एक गैरसमज दूर करू. लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) घातल्या की चाक आणखी वर जातं, असं वाटतं. खरं तर चाक जास्तीत जास्त किती वर जाईल हे बम्प स्टॉप ठरवतो, म्हणजे डॅम्परच्या दांड्यावर असलेला तो रबरासारखा फोमचा ठोकळा. बम्प स्टॉप आणि डॅम्पर तेच असतील तर खाली बसवलेल्या गाडीचं चाकही वर त्याच जागी थांबतं, फक्त तिथे ते वरचेवर पोचतं. म्हणून जो माणूस बम्प स्टॉपपर्यंत नेऊन मोजतो, त्याला गाडी नंतर किती खाली घेतली याने फारसा फरक पडत नाही. मात्र बम्प स्टॉप कापला, की सगळी मापं रद्द.

उत्तम पद्धत अशी. गाडी सपाट जमिनीवर चार स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. स्ट्रट उतरवा, स्प्रिंग काढा आणि बम्प स्टॉपसह स्ट्रट पुन्हा बसवा. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते आणि निसटली तर जीवघेणी इजा करते. योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सराव नसेल तर हे एवढं काम गॅरेजमधून करून घ्या. अँटी-रोल बारची लिंक दोन्ही बाजूंनी सोडा, म्हणजे एक चाक वर नेताना दुसरं अडवणार नाही. आता जुनं चाक लावा आणि खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून हब हळूहळू वर न्या. बम्प स्टॉप टेकल्यावर तो साधारण निम्मा दबेपर्यंत आणखी उचला. गाडी स्टँडवरून उचलली जातेय असं वाटलं की लगेच थांबा.

या स्थितीत डोकं चाकाच्या कमानीत घालून टॉर्चच्या उजेडात पाहिलं की गाडीची खरी जागा पहिल्यांदा दिसते. उभ्या गाडीत हातभर वाटणारी फट इथे पेन्सिलीएवढी उरलेली असते. टायरचा खांदा फेंडरच्या आत वळलेल्या पत्र्याच्या कडेशेजारी येऊन थांबलेला असतो, आणि ती कड टायरकडे सुरीच्या पात्यासारखी आडवी असते.

आता मोजा. स्टिअरिंग सरळ, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. प्रत्येक वेळी चाक तीन उंचींवर: पूर्ण लोंबकळतं, नेहमीच्या उंचीवर, पूर्ण वर. पाहायच्या जागा या: स्ट्रटची नळी आणि स्प्रिंगची बशी, फेंडरची कड, लायनरचा पुढचा आणि मागचा भाग, आतल्या बाजूची चॅसी, अँटी-रोल बार आणि खालचा आर्म, ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर. पट्टी जिथे पोचत नाही तिथे प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवा, चाक फिरवा, आणि चेपलेल्या गोळ्याची उरलेली जाडी मोजा. मागच्या चाकांना स्टिअरिंग नाही, पण एक जास्तीची कसोटी आहे: एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली. वळणात गाडी कलते तेव्हा हेच होतं.

चारही कोपरे मोजा. कारखान्यातून आलेल्या गाडीतही डावी आणि उजवी बाजू काही मिमीने वेगळी भरते, आणि एका बाजूला बसलं म्हणून दुसऱ्या बाजूला बसेलच असं नाही.

स्प्रिंग काढणं शक्यच नसेल तर दुसरा मार्ग: डॅम्परच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची झिप टाय हलकी आवळून खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यांवर गाडी चालवा. झिप टाय जिथे ढकलली जाऊन थांबेल, तिथपर्यंत तुमचं सस्पेन्शन दबलं. हे बम्प स्टॉपपर्यंतच्या मापाइतकं खात्रीचं नाही, पण डोळ्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आता मिळालेल्या प्रत्येक फटीतून पायरी २ मधला आकडा वजा करा. आतल्या फटींतून टायरसाठी १२ आणि रिमसाठी १६, बाहेरच्या फटींतून टायरसाठी १८. उरलेली फट किती असावी? स्ट्रट आणि स्प्रिंगची बशी चाकाबरोबरच हलतात, त्यामुळे तिथे ४-५ मिमी पुरतात. फेंडर, लायनर, चॅसी हे बॉडीचे भाग जागेवर स्थिर असतात आणि वळणात टायर वाकतो, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश दबतात, म्हणून तिथे पूर्ण दबलेल्या स्थितीत ८ ते १० मिमी हवेत. होज आणि वायर यांच्याबाबतीत अंतरावर विसंबू नका, त्या कंपनीच्या ब्रॅकेटमध्ये नीट बसवून चाकापासून लांब बांधा.

उत्तर ऋण आलं, तर आताच कळलं हे चांगलं झालं. अजून खरेदी झालेली नाही. ऑफसेट दोन-तीन मिमीने बदला, किंवा २३५ घ्या, आणि पुन्हा हिशोब करा.

पायरी ५: ब्रेक आणि नट

रिम व्यासाने पुरेशी असूनही स्पोकची कमान कॅलिपरवर टेकू शकते, विशेषतः मोठे ब्रेक बसवले असतील तर. पुठ्ठ्यावर कॅलिपरचा बाहेरचा आकार कापून तो नमुना रिममध्ये धरून पाहा. ३ मिमी तरी फट हवी, शिवाय चाकावर आतून चिकटवायची बॅलन्सची वजनं कुठे येतील तेही बघून ठेवा.

नटाची बैठक रिमशी जुळलीच पाहिजे. बाजारातल्या बहुतेक रिम्सना ६० अंशांची शंकूच्या आकाराची बैठक असते, तर होंडाच्या मूळ रिम्सना गोल. गोल नट शंकूच्या बैठकीत आवळला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि सुटतो.

पायरी ६: जागा कमी पडत असेल तर

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. जे परत पूर्ववत करता येतं ते आधी, पत्रा वाकवणं शेवटी.

पहिला उपाय कॅम्बर. चाकाचा माथा आत झुकवला की फेंडरच्या कडेशी जागा होते. आपल्या ६२८ मिमी व्यासाच्या टायरमध्ये एका अंशाला माथा चाकाच्या मध्याच्या तुलनेत सुमारे साडेपाच मिमी आत जातो. चाक खालच्या बॉल जॉइंटभोवती झुकत असेल तर त्याहूनही जास्त. पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये कॅम्बर कुठून मिळवला याला फार महत्त्व आहे. स्ट्रट आणि नकल (हब धरून ठेवणारा भाग) जोडणाऱ्या बोल्टांवर मिळवला, म्हणजे विकेंद्री (कॅम्बर) बोल्ट घालून, तर नकल स्ट्रटच्या तुलनेत झुकतो आणि टायरचा माथा थेट स्ट्रटच्या दिशेने जातो. बाहेर मिळवलेली जागा आत गमावली. स्ट्रटच्या वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट लावून मिळवला तर स्ट्रट आणि चाक दोघं एकत्र झुकतात आणि त्यांच्यातली फट जशीच्या तशी राहते. रुंद टायरसाठी कॅम्बर हवा असेल तर तो वरून घ्या. मागच्या डबल विशबोनला लांबी बदलता येणारे आर्म मिळतात. चाक दबताना तिथे कॅम्बर आपोआपही वाढतो, त्यामुळे मागे फेंडरची अडचण अनेकदा पुढच्यापेक्षा कमी असते. कॅम्बर बदलला की टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली दिसतात ते) बिघडतो, तेव्हा अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी दूर नेऊ नका. टो चुकलेला असेल तर महागडे टायर बघता बघता एका कडेने संपतात.

स्ट्रटची फट कमी पडत असेल आणि कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-डॅम्परचे संच) घ्यायचेच असतील, तर बारीक व्यासाची स्प्रिंग आणि अरुंद बशी असलेले पाहा. बशी टायरच्या माथ्यापेक्षा वर राहील अशी उंची जमली तर अडचण मुळातूनच जाते.

लायनर घासत असेल तर ते सर्वांत सोपं. प्लॅस्टिकचा लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबता येतो, क्लिप थोडी सरकवता येते. बंपर आणि फेंडर जोडणाऱ्या कोपऱ्यातला स्क्रू आणि त्याची प्लॅस्टिकची जीभ टायरकडे डोकावत असते. स्क्रू उलट्या दिशेने किंवा चपट्या डोक्याचा बसवला तरी बऱ्याचदा भागतं. लायनर काढून मात्र टाकू नका, तो गेला की खडी आणि पाणी थेट वायरिंगवर आणि पत्र्यावर.

फक्त पूर्ण स्टिअरिंगलाच आतली चॅसी किंवा अँटी-रोल बार घासत असेल तर स्टिअरिंग रॅकवर मर्यादा घालणारे वॉशर बसवता येतात. गाडी वळायला थोडी जास्त जागा घेईल, पण टायर वाचेल. बम्प स्टॉप जाड करून किंवा कडक स्प्रिंग घालून चाकाचं वर जाणंही कमी करता येतं. थोडंसं केलं तर चालतं. अति केलं तर चाक वळणातच बम्प स्टॉपवर आदळतं आणि पकड अचानक सुटते.

आता फेंडरची कड वळवणं. कडेचा आत आलेला पत्रा सपाट करून वर दुमडला की अनेक गाड्यांत चांगले ८-१० मिमी मिळतात. हबला बोल्टने बसणारं रोलर असलेलं अवजार त्यासाठी मिळतं. आधी कड आतून स्वच्छ धुवा, सुकवा, क्लिपा आणि स्क्रू काढा. हीट गनने रंग तापवा, साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे हात टेकवला तर चटकन मागे घ्यावासा वाटेल इतका. थंड रंग वाकत नाही, तडकतो. रोलर कमानीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, दर फेरीला दाब थोडासाच वाढवा आणि दर फेरीआधी पुन्हा तापवा. एका जागी जोर लावला की बाहेरून पत्र्याला लाट येते आणि ती मग रंगाऱ्याकडेच जाते. मागच्या कमानीत बहुधा दोन पत्रे एकमेकांना वेल्ड केलेले असतात आणि मध्ये सीलंट असतो. ते दुमडताना सीलंट फुटतो, म्हणून काम झाल्यावर आतून नवा सीलंट आणि गंजरोधक रंग लावल्याशिवाय ती गाडी पावसात काढू नका. कड वळवण्यापलीकडे जाऊन फेंडर बाहेर ओढणं हे बॉडी शॉपमधल्या अनुभवी माणसाचं काम आहे.

स्पेसर मुद्दाम शेवटी ठेवला. आतली बाजू घासत असेल आणि बाहेर भरपूर जागा असेल, तरच तो उपाय. हिशोबात स्पेसर म्हणजे ऑफसेट तितक्याच मिमीने कमी करणं. ३-५ मिमीच्या पातळ स्पेसरमुळे स्टडची (हबमधून बाहेर आलेल्या, नट ज्यावर चढतो त्या आटेदार दांड्याची) तितकी लांबी वाया जाते आणि हबचा मधला गोल ओठही झाकला जाऊ शकतो. नट स्टडवर किमान स्टडच्या व्यासाइतका तरी चढला पाहिजे. जीटी८६ चे स्टड एम१२ × १.२५, म्हणजे १२ मिमी चढायला जवळजवळ १० पूर्ण फेरे. एम१२ × १.५ असेल तर ८. नट हाताने चढवा आणि फेरे मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवल्याशिवाय गाडी हलवू नका. स्वतःचे बोल्ट असलेला जाड स्पेसर साधारण १५ मिमीपासून मिळतो. तो हबवर आणि चाकात दोन्हीकडे मधोमध बसणारा हवा. पण इतका जाड स्पेसर लागतोय याचा अर्थ रिमचा ऑफसेट चुकीचा निवडला गेला आहे, आणि ते पैसे योग्य रिमवर घातलेले बरे.

पायरी ७: बसवणं आणि चाचणी

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत साफ करा. गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक तिरकं बसतं आणि नट सैल होतात. नट हाताने चढवून ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळा. सुमारे १०० किलोमीटरनंतर तोच टॉर्क पुन्हा तपासा, नव्या रिमवर ही तपासणी चुकवू नका.

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात, खिडक्या उघड्या ठेवून, रेडिओ बंद. फेंडरच्या कडेला आतून आणि लायनरला खडू फासा. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मागेही. उलटं जाताना बुश दुसऱ्या दिशेने दबतात आणि टायर वेगळ्या जागी टेकू शकतो. मग दोन-तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊन उंचवट्यांवरून, मग वळणांवर वेग हळूहळू वाढवत. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून टॉर्च लावून बघा. खडू पुसला गेला का, टायरच्या खांद्यावर गुळगुळीत चमकदार पट्टा उमटलाय का, लायनरवर काळी रेघ आहे का.

सगळं घासणं सारखं गंभीर नसतं. पूर्ण स्टिअरिंगला टायरचा माथा प्लॅस्टिकच्या लायनरला हलका टेकतोय, तर लायनर थोडा मागे घ्या आणि पुढे चला. पण टायरची बाजूची भिंत पत्र्याला, स्ट्रटला किंवा स्क्रूला लागली असेल, तर तिथेच थांबा. बाजूच्या भिंतीत रबराचा थर पातळ असतो, त्याखाली लगेच दोरे. एकदा चीर पडली की तो टायर दुरुस्त होत नाही आणि वेगात फुटू शकतो.

हवेचा दाब मूळ आकड्यापासून सुरू करा आणि टायर कंपनीच्या भारतक्त्याशी ताडून पाहा. पाऊस पडला की आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: रुंद टायरचा ठसा आडवा पसरट असतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगू लागतो. वेग त्या हिशोबाने ठेवा. तुमच्याकडच्या नियमांत टायर फेंडरच्या बाहेर डोकावू नये अशी अट असेल, तर तीही मोजून बघा, आणि बदल विमा कंपनीला कळवा.

पायरी ४ मधली मापं एका कागदावर लिहून, कोपऱ्याचं नाव आणि तारीख घालून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचा टायर घेताना त्याची प्रत्यक्ष रुंदी या कागदाशी ताडायची. कॉइलओव्हर, बम्प स्टॉप किंवा कॅम्बर यांपैकी काहीही बदललं, तर त्या कोपऱ्याची मापं पुन्हा घ्यायची.